दहा-बारा चाकू झाले, पण सुधारणा दिसत नाही: पुढे काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फावल्या वेळात चाकू करायला लागून दीडेक वर्ष झालं. 1084 या साध्या कार्बन पोलादाच्या पट्ट्या घासून दहा-बारा चाकू तयार झाले, पण अकरावा चाकू पाचव्यापेक्षा फार सरस वाटत नाही. आता मोठा बेल्ट ग्राइंडर घ्यावा, इलेक्ट्रिक भट्टी घ्यावी, की दमास्कस (दोन पोलादांचे थर जोडून केलेलं नक्षीदार पोलाद) शिकायला लागावं?

यातलं आत्ता काहीच नको. दहा चाकू दहा वेगवेगळ्या आकारांचे असतील, तर दर वेळी नव्या अडचणी निस्तरण्यातच वेळ जातो आणि मूळच्या चुका तशाच पुढे सरकत राहतात. त्याऐवजी एक आकार धरा आणि तोच पाच-सहा वेळा करा. दर खेपेला एकच गोष्ट बदला, मोजमापं लिहून ठेवा आणि त्यातला निदान एक चाकू मुद्दाम मोडा. हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक जण करत नाहीत.

आकार कोणता? 90 ते 100 मिमी पातं, 3 मिमी पट्टी, मुठीच्या टोकापर्यंत जाणारा अखंड टँग (मुठीत शिरणारा पात्याचा भाग), पाठीकडून किंचित खाली उतरणारं टोक आणि दोन्ही बाजूंना सपाट उतार. या चाकूत सगळी मूळ कामं येतात आणि लपवायला जागा राहत नाही. दुधारी पातं, होलो ग्राइंड (आत खोलगट घासलेला उतार), पितळी गार्ड हे सगळं नंतर. जाड फॉर्मिका किंवा पातळ पत्र्याचं टेम्प्लेट करून रिव्हेटची भोकंही त्यातच पाडून घ्या, म्हणजे सहाही चाकूंची बाह्यरेषा सारखी येईल आणि फरक पडला तर तो कशामुळे पडला ते कळेल.

वहीत प्रत्येक चाकूला क्रमांक द्या आणि तोच टँगवर, मुठीखाली जाईल अशा जागी ठोका. पाठीची जाडी, धारेमागची जाडी तीन जागी (टाचेपाशी म्हणजे मुठीजवळ, मध्यावर आणि टोकापासून 15 मिमीवर), पाणी देतानाचं (पातं लाल तापवून तेलात बुडवून कडक करतानाचं) तापमान, टेम्परिंगचं (कडक पातं पुन्हा बेताचं तापवून ठिसूळपणा घालवण्याचं) तापमान आणि वेळ, तयार चाकूचं वजन, एवढं लिहिलं तरी पुरे. आणखी एक ओळ ठेवा: या चाकूत काय खटकतं? पुढच्या चाकूचं काम त्या ओळीवरून ठरतं.

धारेमागची जाडी

नवख्याचा चाकू बहुतेक वेळा एकाच कारणाने कापत नाही: तो धारेमागे जाड असतो. पोलाद चांगलं, पाणी चांगलं, धारही लावलेली, तरी गाजर कापताना ते चिरलं न जाता फाकतं आणि तडकतं. धारेचा कोन शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरचं काम करतो. त्यानंतर वस्तू बाजूला सारण्याचं काम पात्याच्या उताराचं असतं.

धार लावण्यापूर्वी, उतार जिथे संपतो तिथली जाडी व्हर्नियरने मोजा. भाजी चिरण्याच्या पातळ चाकूला 0.1 ते 0.2 मिमी, सगळ्या कामांच्या चाकूला 0.3 ते 0.4 आणि लाकूड तासणाऱ्या, रानात वापरायच्या चाकूला 0.5 ते 0.6 मिमी. नवख्यांच्या पात्यांवर हा आकडा बऱ्याचदा 0.8 ते 1 मिमी येतो. चाकू तयार झाला असेल आणि मोजता येत नसेल, तर धार लावल्यावर उमटणाऱ्या चकचकीत पट्टीची रुंदी बघा. दर बाजूला 15 अंशांनी धार लावली असेल आणि पट्टी 0.4 मिमी रुंद दिसत असेल, तर मागची जाडी साधारण 0.2 आहे. पट्टी दीड मिमी दिसत असेल तर जाडी पाऊण मिमीच्या पुढे आहे. अशा पात्याला कितीही वेळ दगडावर घासा, धार लागते पण चाकू कापत नाही. ते परत बेल्टवर न्यावं लागतं.

उतार किती उंच न्यायचा, हा दुसरा भाग. 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड पात्याचा उतार पाठीपर्यंत नेला आणि धारेशी 0.4 ठेवले, तर दर बाजूचा कोन साधारण 3 अंश येतो. तोच उतार 12 मिमीवर थांबवला की कोन 6 अंशांच्या वर जातो. अर्ध्यावर थांबवलेला उतार दिसायला रुबाबदार असतो आणि घासायलाही सोपा, म्हणून सुरुवातीच्या चाकूंवर तो हमखास सापडतो. पहिला बदल हाच करा: बाकी सगळं तसंच ठेवून उतार पाठीपर्यंत न्या.

बेल्टवर

दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत, ही सगळ्यांची तक्रार. याची सुरुवात आखणीपासून होते. धारेच्या कडेवर निळी शाई किंवा जाड मार्कर फिरवा. पट्टीच्या जाडीएवढ्या व्यासाचं ड्रिल बिट घ्या, म्हणजे 3 मिमी पट्टीला 3 मिमीचं. पट्टी आणि बिट दोन्ही सपाट फरशीवर आडवी ठेवून बिटच्या टोकाने कडेवर रेघ ओढा, पट्टी उलटी करून पुन्हा ओढा. बिटचं टोक बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही रेघा एकावर एक येतात. थोडा फरक असेल तर दोन जवळच्या रेघा मिळतात आणि मध्य त्यांच्या मधोमध असतो. मग मध्याच्या दोन्ही बाजूंना 0.4 मिमीवर एकेक रेघ. या दोन रेघांमधल्या 0.8 मिमीला पाणी देईपर्यंत हात लावायचा नाही.

त्यानंतर जुन्या, झिजलेल्या बेल्टवर कडेला 45 अंशांचा उतार देऊन त्या रेघांपर्यंत या. याचे दोन फायदे: तीक्ष्ण चौकोनी कड नव्या बेल्टचे दाणे उखडत नाही आणि आता मर्यादा डोळ्यांना स्पष्ट दिसते. मग 60 नंबरच्या नव्या सिरॅमिक बेल्टवर उतार हळूहळू पाठीकडे चढवायचा. दोन-तीन फेऱ्या एका बाजूला, तेवढ्याच दुसऱ्या बाजूला. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. उजव्या हाताच्या माणसाला बहुधा डाव्या हाताने पातं धरून करायची बाजू जड जाते. नेहमी कच्ची बाजू आधी करा. पक्क्या हाताने कच्च्या बाजूशी जुळवून घेता येतं, उलटं होत नाही.

हालचाल मनगटातून नको. कोपरं बरगड्यांना टेकलेली आणि शरीर कमरेतून एका बाजूकडून दुसरीकडे झुलतं, असं उभं राहिलं की कोन टिकतो. दाब बोटांनी, पात्याच्या बरोबर त्या भागावर, जिथलं पोलाद काढायचं आहे. उतार पाठीकडे सरकवायचा असेल तर दाब पाठीकडे, धारेकडे सरकवायचा असेल तर धारेकडे.

दोन दोष वारंवार दिसतात. एक, प्लंज लाइनपाशी (मुठीजवळ जिथे उतार सुरू होतो त्या रेघेपाशी) खड्डा: पातं बेल्टला लावताना क्षणभर तिथेच थांबल्याने पोलाद जास्त जातं. पातं हलतं असतानाच बेल्टला टेकवा आणि लाइनच्या 2 मिमी पुढे सुरुवात करा. उरलेलं शेवटी, फाइल गाइड (पात्यावर आवळायची, कानस अडवणारी कडक पट्टी) लावून घ्या. दोन, टोक गोलावून पातळ होणं: पात्याचा शेवट बेल्टवरून उतरत असताना दाब तसाच राहतो आणि उरलेल्या छोट्या भागावर तो एकवटतो. टोक बेल्टच्या मध्यावर आलं की दाब सोडा आणि टोकाकडच्या वळणाबरोबर मुठीकडची बाजू किंचित उचला. टोक बेल्टच्या पार पलीकडे ओढून नेण्याची सवय मोडली की हा दोष निम्मा जातो.

बेल्ट पुरवून वापरणं ही खोटी काटकसर आहे. झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता तापवतो. तो कापावा म्हणून आपण जास्त दाबतो आणि रेघा वाकड्या होतात. मोठ्या ग्राइंडरपेक्षा ताज्या बेल्टचा फरक जास्त पडतो. आणि ग्राइंडरच नसेल, तर एका कोनात बांधलेली कानस (सळईला कानस जोडलेला साधा जिग) सपाट उतार इतके सरळ देते की पुष्कळ बेल्टवाले लाजतील. फक्त वेळ लागतो.

पाणी देणं

इथे अंदाजाने काम करणाऱ्याची प्रगती खुंटते, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. पातं टणक झालं, कानस घसरली, म्हणजे झालं असं वाटतं. पण टणकपणा आणि चांगलं पाणी यांत फरक आहे.

1084 ला साधारण 815 अंश सेल्सियस हवे असतात, त्या तापमानावर 5 मिनिटं, आणि मग तेलात. या पोलादाला पहिल्या क्षणी फार घाई असते: जेमतेम एका सेकंदात ते साडेपाचशे अंशांच्या खाली यायला हवं, नाहीतर मऊ पर्लाइट तयार होतं. म्हणून भट्टीपासून तेल एका पावलावर. खास जलद क्वेंच तेल मिळालं तर उत्तम. नाहीतर कॅनोला तेल 50 ते 55 अंशांपर्यंत गरम करून वापरा. गार तेल दाट असतं आणि उष्णता हळू ओढतं. गाडीचं जुनं इंजिन तेल नको. ते संथ असतं आणि त्याचा धूर विषारी.

चुंबकाची परीक्षा सगळे सांगतात, पण अर्धीच. 770 अंशांच्या वर पोलाद चुंबकाला धरत नाही, म्हणजे चुंबक सुटल्यावरही अजून चाळीस-पन्नास अंश बाकी असतात. शिवाय ही परीक्षा तापवतानाच खरी. पातं गार होत असताना ते बरंच खाली आल्याशिवाय पुन्हा चुंबकाला धरत नाही, त्यामुळे भट्टीबाहेर काढून सावकाश तपासत बसलं तर फसगत होते. भंगार तुकड्यावर आणखी एक खूण मिळते: साधं मीठ 801 अंशांना वितळतं. चिमूटभर मीठ तुकड्यावर टाकून भट्टीत घाला. ते ज्या क्षणी पाणी होतं त्या वेळचा पोलादाचा रंग डोळ्यांत साठवा, आणि तोही मंद उजेडात, कारण उन्हात तोच रंग कितीतरी फिका दिसतो. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे के टाइप थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार), आणि गॅसच्या भट्टीत एका बाजूने बंद जाड लोखंडी नळी. पातं नळीत ठेवलं की ज्योत थेट लागत नाही आणि टोक आधी जळत नाही.

आता तो प्रयोग, ज्यावर एक सुट्टीचा दिवस खर्च करावाच. चाकूच्याच पट्टीतून 20 मिमी रुंद, 80 मिमी लांब तीन तुकडे कापा. प्रत्येकावर मध्याला हॅकसॉने उथळ खाच मारा. पहिला तुकडा चुंबक सुटता सुटताच तेलात बुडवा, दुसरा 815 वर पाच मिनिटं ठेवून, आणि तिसरा मुद्दाम भडक नारिंगी, साडेनऊशेच्या घरात नेऊन. टेम्परिंग करू नका. गार झाल्यावर एकेक तुकडा कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा, डोळ्यांवर गॉगल आणि चेहऱ्यावर शील्ड लावा आणि हातोडीने मोडा.

पहिला बऱ्याचदा आधी वाकतो आणि मग तुटतो; तुटलेला भाग कुठे चिवट, कुठे ओढल्यासारखा दिसतो, कारण तो पुरता कडक झालेलाच नाही. दुसरा तडक तुटतो आणि भेग मखमलीसारखी राखाडी, एकसारखी दिसते; भिंगातूनही पोलादाचे कण (आतले बारीक स्फटिक) वेगळे काढता येत नाहीत. तिसरा सगळ्यांत सहज तुटतो आणि भेगेत कण चमकतात. गंमत अशी की तिसऱ्यावरही कानस घसरते, म्हणजे कानसेच्या परीक्षेत तो पास. पण त्याचा चाकू केला तर धारेचे टवके उडतील आणि दोष पोलादाला दिला जाईल. तीनही तुकडे क्रमांक घालून तेल लावून ठेवा. पुढे कधीही शंका आली तर नवा तुकडा मोडून यांच्याशी ताडून बघता येतो.

कण मोठे झालेच असतील तर ते नॉर्मलायझिंगने पुन्हा बारीक करता येतात: 870 पर्यंत तापवून स्थिर हवेत काळं होईपर्यंत गार, मग 815, मग 760. उतरत्या क्रमाने तीन फेऱ्या. घडवून केलेल्या पात्याला हे करावंच लागतं. कारखान्यातून आलेली पट्टी नुसती घासली असेल तर बऱ्याचदा गरज पडत नाही, पण केल्याने मूळचे ताण निघतात आणि पातं तेलात कमी वाकतं.

पातं वाकतं का? बहुतेक वेळा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त घासलेली असते, किंवा भट्टीत एक बाजू जास्त तापलेली असते, किंवा तेलात पातं आडवं हलवलेलं असतं. टोक खाली करून सरळ आत, आणि हलवायचं तर फक्त वर-खाली किंवा धार-पाठीच्या दिशेने. सात-आठ सेकंदांनी बाहेर काढून नजर टाका. पातं अजून 200 अंशांच्या वर असेल तर काही क्षण ते मऊच असतं. हातमोजे घालून किंवा दोन सपाट पट्ट्यांत दाबून सरळ होतं. तो काळ गेला की जोर लावू नका, तुटेल. उरलेला वाक टेम्परिंगच्या वेळी काढायचा: पातं जाड सरळ पट्टीला क्लॅम्प लावून, वाकाच्या जागी छोटी पाचर घालून उलट दिशेला थोडं जास्त वाकवून ओव्हनमध्ये. धार पाणी देण्याआधीच अगदी पातळ केली असेल तर ती लाटांसारखी होते आणि त्याला इलाज नाही. म्हणूनच ते 0.8 मिमी. 2 मिमीच्या पातळ पट्टीचा चाकू असेल तर उतार न देताच पाणी द्या आणि सगळं घासणं नंतर करा.

तेलातून काढून हाताला सोसेल इतकं गार झालं की लगेच टेम्परिंग. पातं रात्रभर तसंच पडू देऊ नका. या अवस्थेत ते फरशीवर पडलं तरी फुटतं. 200 अंशांवर दोन तास, पूर्ण गार, पुन्हा दोन तास. 1084 यात साधारण 60 ते 62 रॉकवेल सी (टणकपणाचं माप) येतं. घरगुती ओव्हनच्या डायलवर विश्वास नको, तापमान वर-खाली होत असतं. वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये पातं आणि शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा.

पाणी दिल्यावर कानस रुतली म्हणून निराश होऊ नका. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून एक मऊ कातडी तयार होते. दहावा भाग मिलिमीटर घासून काढा आणि मग कानस लावा. तरीही रुतली तर मात्र पाणी चुकलं आहे.

यानंतरचं सगळं घासणं उघड्या हातांनी, आणि दर फेरीला पातं पाण्यात. धारेवर निळा रंग आला म्हणजे ती जागा 290-300 अंशांना पोचली आणि मऊ पडली. रंग पॉलिशने निघून जातो, गेलेला टणकपणा परत येत नाही.

हाताने घासणं आणि मूठ

फिनिशबद्दल एकच सांगतो, कारण बाकी सगळं त्यात आलं: 220 च्या वॉटर पेपरवर बेल्टच्या सगळ्या रेघा गेल्याशिवाय 320 ला हात लावू नका. एकूण वेळेतला मोठा वाटा 220 वरच जातो. पेपरला मागे सपाट, कडक ठोकळा हवा. बोटांनी घासलं की प्लंज लाइन आणि कडा गोलावतात. दर नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा आडव्या दिसतात. शेवटच्या नंबरला ताजा पेपर आणि टाचेकडून टोकाकडे एकाच दिशेने सलग ओढ; मागे-पुढे केलं की प्रत्येक वळणावर आकड्यासारखे ओरखडे उमटतात. 600 वर जुनी 120 ची रेघ सापडली तर निमूटपणे 220 वर परत जा. आरशासारख्या पॉलिशच्या नादी तर लागूच नका, सपाट 400 किंवा 600 चं फिनिश जास्त अवघड आणि जास्त प्रामाणिक असतं.

मुठी जाड आणि चौकोनी होतात, हा नवख्यांचा सर्वांत ठळक दोष. भीतीने लाकूड कमी काढलं जातं. मध्यावर 18 ते 22 मिमी जाडी बहुतेक हातांना पुरते, आणि आडवा छेद अंडाकृती हवा, धारेकडे निमुळता, म्हणजे न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. मूठ हातात धरून डोळे मिटा. जिथे टोचतं तिथे पेन्सिलने खूण करा, कानस मारा, पुन्हा धरा. रिव्हेटची भोकं मात्र पाणी देण्याआधीच पाडलेली हवीत.

चिकटवण्यात गडबड बहुधा क्लॅम्पमुळे होते. खूप आवळलं की इपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. टँग आणि लाकूड दोन्ही 60 च्या पेपरने खरखरीत करा, अॅसिटोनने पुसा, टँगमध्ये दोन-तीन जादा भोकं ठेवा म्हणजे इपॉक्सी आरपार जोडलं जातं, आणि क्लॅम्प हाताने बेताचे आवळा. स्केलच्या (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी पट्ट्यांच्या) पुढच्या कडा, पात्याकडच्या, चिकटवण्याआधीच शेवटच्या नंबरपर्यंत घासून ठेवा. नंतर त्या घासायला गेलात तर पात्यावर ओरखडे पडतात. बाहेर आलेलं इपॉक्सी ओलं असतानाच कापसाने पुसा. 24 तास हात लावू नका, डबीवर काहीही लिहिलेलं असो. महिन्याभराने पोलाद आणि लाकडाच्या सांध्यात नख अडकायला लागलं, तर लाकूड ओलं होतं. पुढच्या वेळी नीट वाळलेलं किंवा स्टॅबिलाइज केलेलं (आत रेझिन मुरवलेलं) घ्या.

तपासणी

सहापैकी एक चाकू तपासणीसाठी. आधी पितळी सळई: 6 मिमीची सळई व्हाइसमध्ये आडवी धरा, पातं धार लावण्याच्या कोनापेक्षा थोडं जास्त उचलून टेकवा आणि 14-15 किलोचा दाब देत टाचेपासून टोकापर्यंत सरकवा. दाबाचा अंदाज साध्या वजनकाट्यावर आधी घ्या. मागे दिवा असेल तर धार सळईवर वाकताना दिसते. वाकून परत सरळ आली तर जमलं. वाकलेलीच राहिली तर पातं मऊ आहे किंवा त्या कामासाठी फार पातळ. टवका उडाला तर कण मोठे आहेत किंवा टेम्परिंग कमी. टेम्परिंग वीस अंश वाढवून पुन्हा बघा. त्यावरही टवके उडाले तर भट्टीचं तापमान तपासा.

मग कापणं. मनिला दोरी किंवा दुहेरी थराचा पुठ्ठा घ्या. तोच दगड, तोच कोन, आणि कागद स्वच्छ कापेनासा होईपर्यंत किती काप गेले ते मोजा. दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना निरर्थक आहे, स्वतःच्याच आधीच्या चाकूशी करा. टेम्परिंग 200 ऐवजी 220 केल्याने काय होतं, हे इथेच कळतं.

शेवटी मोडणं. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या चाकू घडवणाऱ्यांच्या संस्थेची जर्नीमन (उस्तादाच्या खालचं) पदाची परीक्षा या बाबतीत प्रसिद्ध आहे. एकाच चाकूने लोंबती एक इंची दोरी एका घावात कापायची, लाकडाची फळी तोडायची, त्यानंतरही त्या धारेने केस निघाले पाहिजेत, आणि मग पातं व्हाइसमध्ये 90 अंश वाकवायचं, तुटता कामा नये. परीक्षेसाठी पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते. रोजच्या लहान चाकूला 90 अंशांचा हट्ट नको. 60 रॉकवेलचं अखंड कडक पातं त्याआधी तुटलं तर तो दोष नाही. तुम्हाला बघायचं आहे ते तुटलेल्या भागातले कण.

याच वेळी एक गैरसमजही दूर होतो. पातं सहज लवतं म्हणून पाणी कमी पडलं, असं पुष्कळांना वाटतं. पोलाद कडक असो वा मऊ, त्याच जाडीचं पातं तेवढ्याच वजनाने तेवढंच लवतं. फरक फक्त ते कुठे वाकून राहतं किंवा तुटतं यात असतो. ताठपणा हवा असेल तर जाडी वाढवा. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, म्हणून पाव मिमीही चांगलाच जाणवतो.

मग खरेदीचं काय?

क्रम असा ठेवा. सगळ्यांत आधी चांगला मास्क, बदलता येणाऱ्या पी100 फिल्टरचा. पोलादाची आणि लाकडाची धूळ फुप्फुसात साचते आणि काही लाकडांची अॅलर्जी वर्षानंतर अचानक उमटते. लाकडाचा भुसा आणि ठिणग्या एकाच धूळ-पेटीत जाऊ देऊ नका, आग लागते. तेलाच्या डब्याला घट्ट लोखंडी झाकण. तेल पेटलं तर झाकण लावायचं, पाणी अजिबात नाही. बफिंग व्हील असेल तर त्यावर तयार धारेचा चाकू नेऊ नका, चाकू हातून हिसकावून घेणारं यंत्र तेच.

मग व्हर्नियर, थर्मोकपल आणि सिरॅमिक बेल्टचा साठा. या तिन्हींचा खर्च मिळून ग्राइंडरच्या तुलनेत किरकोळ आहे.

ग्राइंडर त्यानंतर. घ्यायचाच तर 50 बाय 1830 मिमी बेल्टचा आणि वेग कमी-जास्त करता येणारा. हळू वेग पाणी दिलेल्या पात्यासाठी लागतो, जोरदार मोटर नंतरची गोष्ट.

इलेक्ट्रिक भट्टी घ्यायची ती पोलाद बदलायचं असेल तेव्हा. 1084 नळीच्या भट्टीत नीट जमतं. 52100 या पोलादाला ठरलेल्या तापमानावर दहा मिनिटं किंवा जास्त धरावं लागतं आणि एईबी-एल सारख्या स्टेनलेसला 1050 च्या वर, हवा लागू नये म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून. ही कामं नजरेने होत नाहीत.

दमास्कस थांबू शकतं. थर जोडणं ही वेगळी कला आहे आणि तिला प्रेस किंवा पॉवर हॅमर लागतो. अॅसिडमध्ये नक्षी उठली की पात्यावरची प्रत्येक जुनी रेघही तिच्याबरोबर उठते, त्यामुळे 220 चं काम कच्चं असलेल्याची दमास्कसमध्ये जास्तच पंचाईत होते. नक्षीची हौसच असेल तर सहावा चाकू झाल्यावर तयार दमास्कसची पट्टी घ्या, विकणाऱ्याकडून दोन्ही पोलादांची नावं विचारून घ्या आणि तेच टेम्प्लेट तिच्यावर लावा. पोलादांची नावं सांगता येत नसतील तर ती पट्टी घेऊ नका. कोणत्या तापमानाला पाणी द्यायचं हेच ठरवता येणार नाही.